समाधानाचे माप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘घरची पार्श्वभूमी आणि नोकरीतले समाधान’ या विषयावर बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विद्यापीठात शिकविते. तेव्हा तिथलेच सांगते.

आरंभी आम्ही दोघीजणी एकाच विभागात तासिका तत्त्वावर होतो. जेवढे तास घ्यावे तेवढेच पैसे. मे महिन्याच्या सुट्टीत हाती काही नाही. मैत्रिणीचे वडील प्राध्यापक. माझे वडील मुंबईच्या गिरणीत कामगार. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. आम्हां दोघींचे काम एक, मोबदला एक; पण ती सदा धुसफुसे आणि मी खुशीत असे. मला वाटे, प्रत्येकीने आपापल्या घरचे माप आणलेले. तिचे मोठे, म्हणून ते भरत नाही.

आई मात्र दर मे महिन्यात विचारी, ‘पगार झाला का ग?’ मी ‘झाला’ म्हणे आणि शिकवण्यांचे पैसे तिच्या हातावर ठेवी.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंत्यांच्या व हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या. त्यावरचे पुस्तक १९५९ साली निघाले. त्यांचे म्हणणे असे, की समाधान मिळते ते प्रत्यक्ष कामातून, यशातून, कौतुकातून. असमाधान उपजते ते बहुधा वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती यांतून. दोन्हींची खाती निराळी. ते वाचले आणि माझी चूक कळली. शिकविण्याचा आनंद मी पगाराच्या खात्यावर जमा करीत होते!

पुढे मैत्रिणीने नियमित नेमणुकीसाठी दोघींचा अर्ज लिहिला. सही करताना माझा हात अडला. आहे तेही जाईल, ही भीती. त्या रात्री आईला सारे खरे सांगितले. ती म्हणाली, ‘अग, तुझे वडील संपावर गेले ते कशासाठी?’

घराने मला थोडक्यात गोड मानायला शिकविले, असे मी समजत होते. हक्काचे मागणेही त्याच घरात होते. ते मी उचललेच नव्हते. सकाळी सही केली. नेमणूक व्हायला मात्र चार वर्षे लागली.

भगिनींनो, लेकीसुनांना ‘नोकरी बरी आहे ना?’ एवढेच विचारू नका. काम आवडते का, आणि केल्याचे नीट मिळते का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्या आईने दुसरा प्रश्न दर वर्षी विचारला होता; उत्तर मीच खोटे दिले.