मिस्सेनंतर थांबणारी माणसं

धर्मग्रामांतून आलेले फादर आणि सिस्टर, शाळा-कॉलेजांतले माझे सहकारी, युवा-कार्यकर्ते, पालक, आणि ज्यांच्याविषयी आपण दिवसभर बोलणार आहोत पण ज्यांना नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत जागा मिळाली आहे, ती तरुण मंडळी,

अडचणीत सापडलेल्या ख्रिस्ती तरुणांना हात देणारी मोठी माणसं हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वसईत शिबिरं, व्याख्यानं, रिट्रीट यांची टंचाई नाही. टंचाई आहे ती एकाच मुलाबरोबर वर्ष-दोन वर्षं टिकून राहणाऱ्या साध्या, संसारी माणसांची.

संत गोन्सालो गार्सिया हा वसईचाच पोरगा. बाप पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघीयांच्या हाताखाली तो वाढला. सेबास्तियांव गोन्साल्विस या फादरांनी त्याला घडवलं असं चरित्रकार सांगतात. पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ च्या सुमारास, तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षण देऊ लागला. संघात प्रवेश मिळावा अशी त्याची फार इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, मनिला गाठलं, आणि तिथे फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून आपल्यात घेतलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं आणि १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे, वसईतल्या कॉलेजलाही आहे. पण प्रवचनात आपण नागासाकीला लवकर पोहोचतो आणि मधली वर्षं घाईत ओलांडतो. ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्यांच्याच दारातून परत फिरलेला, परमुलखातला एक तरुण. आपल्या वर्गात असता तर आपण त्याच्या नावापुढे काळजीची खूण केली असती. तो सावरला त्याचं सगळं श्रेय मी कुणा फादरांना देणार नाही. पण पोरवयात कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच्यासाठी वेळ काढला होता, एवढं नक्की.

जुन्या वसईत अशा माणसांची वेगळी नेमणूक करावी लागत नसे. वाडीत बापाबरोबर काका असे, मामा असे, शेजारचा म्हातारा असे. पानवेलीला पाणी सोडताना, केळीचा लोंगर उतरवताना, मोगऱ्याच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जाताना पोरगा त्यांच्यासोबत असायचा. पाचूबंदर, अर्नाळ्याकडे तांडेल होडीवर पोराला नुसतं जाळं ओढायला शिकवत नसे. दारू प्यायलेल्या खलाशाला तो कसा हाताळतो, कुणाला उचल देतो, कुणाला देत नाही, हेही पोरगा बघत असे. या जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या मोठ्यांत मारकुटे होते, पिणारे होते, आणि मुलींना तर कुणी विचारतच नसे. तरीही कामाच्या निमित्ताने मोठं माणूस आणि पोर रोज एकत्र असत, हे नाकारता येणार नाही.

ते निमित्त गेलं. २००९ मध्ये इथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत बारा लाखांवर माणसं मोजली गेली. वाड्या विकल्या गेल्या, बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, बुजली. विकलेल्या जमिनीचा पैसा काही घरांत नीट लागला, तर काही घरांत तो सतरा वर्षांच्या मुलाच्या बुडाखाली मोटारसायकल होऊन आला. आईबाप अंधारात निघून विरार लोकलला लोंबकळतात आणि रात्री नवाच्या पुढे घरी पोहोचतात. आपल्या कितीतरी मुलांचा दिवस कुठल्याही मोठ्या माणसाशी दहा मिनिटं धड न बोलता संपतो. शाळेत आम्ही बोलतो खरे, पण वर्गात साठ असतात आणि घड्याळ डोक्यावर.

आता, धोक्यातली मुलं म्हणजे नेमकी कोण? बारावीत बसलेला आणि दिवसभर पार्सलं पोहोचवणारा मुलगा. फोनवरच्या सट्ट्यात आईचे बचत गटाचे पैसे घालवून बसलेला. एमडी या अमली पदार्थाची पुडी ‘फक्त एकदा’ म्हणून घेतलेला. आणि फोटो पसरवण्याच्या धमकीखाली गप्प झालेली मुलगी, जिच्याबद्दल घरचे ‘अलीकडे जरा अबोल झालीय’ एवढंच म्हणतात. इथे थोडं कडू बोलतो. यांतली बरीच मुलं गास, निर्मळ, नंदाखालच्या जुन्या घरांतली नाहीत. वसई रोड, नालासोपारा, विरारच्या चाळींत आणि इमारतींत केरळ, तमिळनाडू, मंगळूरहून आलेली कुटुंबं राहतात, मुंबईतून घरभाड्याला कंटाळून आलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती राहतात. त्यांना इथली कादोडी बोली येत नाही, वाडवळी कळत नाही. मिस्सेला ती मागे उभी राहतात आणि सरळ घरी जातात. आपण सणाची वर्गणी मागायला त्यांच्या दारी जातो. त्यांचं पोरगं पोलीस चौकीत बसलंय हे मात्र आपल्याला आठवड्यानंतर, कुजबुजीतून कळतं.

संशोधन या बाबतीत बरंच स्पष्ट आहे. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातलं व्यसन, आईबापांचं आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात आईबापांखेरीज भरवशाचं एखादं मोठं माणूस असल्याचं पुन्हा पुन्हा दिसलं: आजी, मावशी, शिक्षक, चर्चमधलं कुणी. अमेरिकेत एकेका मुलाची एकेका मोठ्या माणसाशी जोडी लावून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या कामाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्याची सोबत मिळालेली मुलं अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळलं. हा आकडा सगळे सांगतात. त्याच माहितीवरून २००२ साली निघालेला पुढचा निष्कर्ष मात्र कमी जण सांगतात, आणि आपल्याला तोच जास्त लागू पडतो. वर्षभर टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटलेला आढळला. म्हणजे उत्साहात सुरू करून पावसाळ्यापर्यंत सोडून देणार असाल तर कृपा करून सुरूच करू नका. ज्याला आधीच चार माणसांनी सोडलंय, त्याला सोडणारे पाचवे आपण होऊ.

टिकणं कसं असतं ते पाहायला लांब जायला नको. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याला व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं, वसईतही त्यांचं केंद्र आहे. तिथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आहेत, अय्यंगार पद्धतीचा योग आहे, आणि सगळ्या धर्मांची माणसं आहेत. ‘एए’च्या परंपरेत नव्या माणसाला एक स्पॉन्सर मिळतो. हा स्पॉन्सर डॉक्टर नसतो, धर्मगुरू असावा लागत नाही. तो स्वतः त्या खड्ड्यातून बाहेर आलेला असतो आणि रात्री अकराला फोन आला तर उचलतो. ज्यांना आपण समाजात थोडं खालच्या आवाजात ओळखतो, अशी ही माणसं आज या कामात आपल्यापेक्षा पुढे आहेत. आपल्या युवा-समित्यांत मात्र आपण गुणवंत, वक्तशीर, इस्त्रीचे कपडे घालणारेच निवडतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या ‘क्रिस्तुस व्हिव्हित’ या पत्रात तरुणांनीच मागितलेल्या मार्गदर्शकाचं वर्णन आहे. त्याला देव्हाऱ्यात बसवू नका, स्वतःच्या मर्यादा ओळखणारं माणूस द्या, असा त्याचा आशय.

आणखी एक अवघड गोष्ट. मुलगा मिस्सेला येईनासा झाला, की आपल्याला तो धोक्यात आलेला वाटतो. आणि दर रविवारी सर्वांत पुढे गिटार वाजवणारा मुलगा कर्जात बुडालेला असला तरी आपल्याला पत्ता लागत नाही. पोराला चर्चमध्ये परत आणणं हे या कामाचं छुपं उद्दिष्ट असेल, तर ते त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. १८४१ साली तुरीनमध्ये सक्रिस्तानने झाडूने हाकललेल्या एका पोराला धर्मगुरू डॉन बॉस्कोंनी परत बोलावलं. वाचता येतं का, गाता येतं का, सगळ्याला नकार. मग त्यांनी विचारलं, शीळ घालता येते का? पोरगा हसला. त्यांच्या सेलेशियन संघाच्या घरांत ही गोष्ट आजही सांगतात. धर्मशिक्षण त्याच दिवशी सुरू झालं, पण शिळेनंतर.

सावधगिरीचं बोलणं थोडक्यात, पण ठाम. मोठ्या माणसावर आंधळा विश्वास टाकल्याने किती मुलं उद्ध्वस्त झाली हे जगभरच्या चर्चने पाहिलं आहे. म्हणून भेटी उघड्यावर, इतरांच्या नजरेसमोर. मुलींसाठी स्त्रिया. रात्रीचे खासगी मेसेज नाहीत, भेटवस्तू नाहीत, उसने पैसे नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘धर्मग्रामाची बदनामी’ हे न कळवण्याचं कारण होऊ शकत नाही, मग आरोपी कुणीही असो. आणि आपण समुपदेशक नाही. मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि प्रार्थनेपुरतं थांबायचंही नाही. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आणि लहान मुलांसाठी १०९८ प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. पोलिसांच्या भीतीने व्यसनी मुलाला घरात लपवणाऱ्या आईबापांना हेही सांगा, की थोड्या प्रमाणातल्या सेवनाच्या प्रकरणात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात खटल्यापासून संरक्षण आहे.

बाप्तिस्म्याला आणि दृढीकरणाला आपण धर्मपिता, धर्ममाता नेमतो. चर्चच्या नियमानुसार त्यांच्यावर जबाबदारी आहे. आपल्याकडे ती बहुधा घड्याळ, सोन्याची साखळी आणि जेवणावळीतल्या मानापाशी संपते. नवी योजना, नवी समिती, नवा बॅनर काढण्याआधी ही जबाबदारी वापरात आणावी, असं मला वाटतं. दृढीकरणाला उभं राहणाऱ्याने पुढचं वर्षभर महिन्यातून दोनदा त्या मुलाला भेटायचं. चहाच्या टपरीवर, मैदानावर, वाडी उरली असेल तर वाडीत. भेटीचा अहवाल नको, फोटो तर अजिबात नको. ज्या मुलाचे नातेवाईक इथे नाहीत, त्याच्यासाठी धर्मग्रामाने माणूस शोधून द्यावा.

दुपारच्या पहिल्या सत्रात याचीच आखणी करायची आहे. जेवणाआधी प्रत्येक रांगेत एक कागद फिरेल. त्यावर आपलं नाव, धर्मग्राम आणि महिन्यातल्या कुठल्या दोन संध्याकाळी आपण मोकळे असता, एवढंच लिहा. ज्यांच्याकडे त्या दोन संध्याकाळी नाहीत त्यांनी कागद पुढे द्यावा, त्यात कमीपणा नाही. मागच्या रांगेतल्या तरुणांसाठी वेगळा कागद आहे, त्यावर नाव लिहायची गरज नाही. कुठल्या मोठ्या माणसाशी बोलायला आवडेल आणि कुणाशी अजिबात नाही, ते लिहा. तो कागद संयोजकांपैकी फक्त दोघेजण वाचतील. त्या दोघांची नावं फळ्यावर लिहिली आहेत.