नळगंगेपासून दक्षिण महासागरापर्यंत

धामणगाव बढे परिसरातल्या विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला असो वा नसो, आपल्या मोताळा तालुक्यातील नळगंगेचे पाणी पूर्णेतून तापीस आणि तापीवाटे अरबी समुद्रास मिळते, हे ध्यानी घेता महासागराचा अभ्यास सर्वस्वी परका मानण्याचे प्रयोजन नाही.

१९४३ साली विदर्भातल्याच नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत पुणे विद्यापीठात शिकत असता ॲलिस्टर हार्डी यांच्या 'द ओपन सी' या ग्रंथाने भारावल्या, हवाई व लंडन येथे अध्ययन करून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या, आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्तांसमवेत अंटार्क्टिकास गेल्या. भारतीय मोहिमेतून तेथे पोहोचलेल्या पहिल्या महिला ह्या दोघीच.

समुद्रविज्ञानाच्या ह्या व्यवसायाचे खरे तेज मात्र साहसाहून चिकाटीत आहे, असे मला मनापासून वाटते. हिमशीतल पाण्याचा नमुना काढावा, तो गाळावा, गाळणकागदावर उरलेल्या फिकट थरातील हरितद्रव्य मोजावे. कारण त्या थरातल्या सूक्ष्म वनस्पतींवर क्रिल नावाचा बोटाएवढा, कोळंबीसारखा जीव जगतो आणि क्रिलवर पेंग्विन, सील व प्रचंड देवमासे. अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांच्या रक्षणासाठी १९८२ साली अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराखाली क्रिलच्या मासेमारीवर जी मर्यादा घातली जाते, तिला आधार अशाच चिकाटीने जमवलेल्या शास्त्रीय नोंदींचा असतो.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांनो, गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राची माहिती अवश्य मिळवा. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र मन लावून शिका.