नाटकातला माणूस ओळखायचा कसा?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



जयंतीला वस्त्यावस्त्यांतून पोरं नाटिका बसवतात. त्यांच्या मेहनतीचे आम्हाला कौतुक आहे. पण बऱ्याच नाटिकांत काय होते? एक दुष्ट माणूस येतो, शिव्या देतो. मग नायक पुढे होऊन लांबलचक भाषण करतो. टाळ्या पडतात. पण तो नायक माणूस म्हणून कसा होता, हे काही कळत नाही. म्हणून आज आम्ही एका नाटकाविषयी बोलणार आहोत.

नाटक अमेरिकेतले, नाव 'अ रेझिन इन द सन'. लिहिले लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय तरुणीने. १९५९ साली ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक तिथे लागण्याची ती पहिलीच वेळ. ही लेखिका आपल्याला अगदीच परकी नाही. ज्या ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ च्या सुमारास पत्र लिहून तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याची कागदपत्रे मागितली, त्याच ड्यू बॉइस यांच्या हाताखाली ती पुढे शिकली.

तिने हे नुसते कल्पनेने लिहिले नाही. १९३७ साली, ती सात वर्षांची असताना, तिच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. जमाव चालून आला. खिडकीतून फेकलेला तुकडा तिला लागता लागता राहिला. काळ्यांना घर द्यायचे नाही, असे करारच तेव्हा गोरे घरमालक आपसात करून ठेवत. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४० साली वडिलांच्या बाजूने निकाल लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयाने राबवू नयेत, हे १९४८ साली दुसऱ्या एका खटल्यात ठरले.

आता नाटकातले घर बघा. जागा अपुरी, संडास-बाथरूम शेजाऱ्यांत सामाईक, नातू ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो. आई लीना आणि सून रूथ दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या. मुलगा वॉल्टर साहेबाची मोटार चालवतो. मुलगी बेनीथाला डॉक्टर व्हायचे आहे. वडील वारलेले, त्यांच्या विम्याचे १० हजार डॉलर येणार आहेत. इथेच लेखिकेची हुशारी दिसते. कोण कसा आहे हे ती सांगत बसत नाही. पैसा मध्ये ठेवते आणि प्रत्येकाला बोलू देते. वॉल्टरला दारूचे दुकान काढायचे आहे, आईला घर हवे. खिडकीत आईने एक मरतुकडे रोपटे जगवले आहे. ती ते रोज जपते. आई कशी आहे, हे एवढ्यावरून कळते.

आई साडेतीन हजार भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मग त्या वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर येतो. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. सभ्य माणूस, गोड आवाज. म्हणतो काय, तर तुम्ही येऊ नका, आम्ही तुम्हाला जास्त पैसे देऊन घर परत घेतो. मंडळी, भेदभाव नेहमी काठी घेऊनच येतो असे नाही. पुष्कळदा तो हसत येतो, खुर्चीवर बसतो आणि व्यवहाराचे बोलतो. जागा विचारायला गेल्यावर आधी आडनाव विचारले जाते, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना हे फोड करून सांगायला नको.

वॉल्टर त्याला घालवून देतो. पण इथे नाटक संपत नाही! आईने विश्वासाने हाती दिलेले उरलेले पैसे, बहिणीच्या शिक्षणाच्या रकमेसकट, वॉल्टर एका मित्राच्या हवाली करतो आणि मित्र पळून जातो. आता हाच वॉल्टर लिंडनरला परत बोलावतो. पैसे घ्यायचे, वेळ आली तर गुडघे टेकायचे, असे तो ठरवतो. आई त्याला अडवत नाही. ती एवढेच करते, की नातवाला बाहेर जाऊ देत नाही. बाप काय करतो ते पोराने बघावे, असे तिचे म्हणणे. आणि पोरासमोर वॉल्टरच्या तोंडून लाचारीचे शब्द निघत नाहीत. आम्ही राहायला येणार, असे तो सांगतो. घर रिकामे होते. शेवटी आई परत येऊन ते रोपटे उचलून नेते.

वॉल्टर साधुपुरुष नाही. चुकतो, बायकोवर खेकसतो, बहिणीचे नुकसान करतो. म्हणूनच त्याचा नकार खरा वाटतो. आपली माणसे रंगमंचावर नुसती सोशिक आणि निर्दोष दाखवली, तर ती चित्रातली होतात. चुकणाऱ्या माणसालाही मान असतो आणि तो विकायला नाही, हे दाखवणे अवघड, पण तेच मोलाचे.

तेव्हा तरुण मित्रहो, नायकाला भाषण देण्याआधी त्याला पेचात टाका. त्याला काहीतरी गमावण्याची भीती दाखवा. खलनायकाला सभ्य बोलू द्या. आणि नायक निर्णय घेतो तेव्हा त्याच्याकडे घरातले कोण बघत आहे, ते विसरू नका. प्रेक्षकांतली आपली लेकरेही तेच बघत असतात.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जयभीम!