वृद्ध आणि दिव्यांगांच्या सांभाळाचा हक्क

वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींचा सांभाळ हे पिढ्यान्‌पिढ्या घराचे काम मानले गेले आणि घरात ते बहुधा आईच्या, सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्याला आले. कुटुंबे लहान झाली, मुले पोटापाण्यासाठी शहरात गेली, आयुर्मान वाढले. ही वाटणी मात्र फारशी बदलली नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी आणि दिव्यांग २.६८ कोटी लोक मोजले गेले. इतक्या माणसांचे जगणे नातेवाइकांच्या ऐपतीवर आणि मर्जीवर सोडून देणे हा अन्याय आहे. म्हणूनच सांभाळ हा नागरिकाचा हक्क ठरतो आणि तो पुरवणे ही शासनाची जबाबदारी ठरते. या क्षेत्रात आजवर जे मिळाले, त्यातले पुष्कळसे संबंधित लोकांनी संघटित होऊन मागितल्यामुळे मिळाले. पदवी घेऊन समाजात कामाला लागणाऱ्या प्रत्येक स्नातकाने हा इतिहास आणि त्यातले अपुरे राहिलेले काम जाणून घ्यायला हवे.

दिव्यांगांची चळवळ आधी मोजले जाण्यासाठी आणि कायद्यासाठी लढली. १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाविषयी प्रश्नच नव्हता. ज्यांची मोजदाद नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद तरी कशी होणार? स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद अबिदी यांच्यासारखे कार्यकर्ते दिल्लीत रस्त्यावर उतरले आणि डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा संमत केला. पुढच्या मोहिमेमुळे २००१ च्या जनगणनेत तो प्रश्न परत आला. २००७ मध्ये भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात ते २१ झाले.

वृद्धांच्या बाबतीत लढ्याचे केंद्र निवृत्तिवेतन हे राहिले. असंघटित क्षेत्रात हयातभर राबलेल्या हमालाला, शेतमजुराला, घरकामगार बाईला म्हातारपणी पेन्शन नसते. केंद्राने १९९५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धांना महिन्याला ७५ रुपये ठरले. हा आकडा पुढे २०० वर गेला आणि ८० वर्षांखालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा तिथेच थांबला. दिवसाला सात रुपयेसुद्धा होत नाहीत. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि राजस्थानात काम करणाऱ्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद उभी राहिली. २०१२ मध्ये देशभरातले वृद्ध कष्टकरी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले. त्यांची मागणी साधी होती: पेन्शन सर्वांना मिळावी, ती किमान वेतनाच्या निम्म्याइतकी असावी आणि महागाईबरोबर वाढावी.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये या योजनांची रक्कम १,५०० रुपये झाली. दिव्यांगांनी आंदोलने केल्यावर २०२५ मध्ये त्यांच्यासाठी ती २,५०० करण्यात आली. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की, इतरांना मिळणाऱ्या साहाय्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के अधिक मिळावे. तरीही केंद्राच्या योजनेत ऐंशीनंतर वृद्धाला आणि दिव्यांगाला सारखेच ५०० रुपये मिळतात.

रकमेइतकाच पात्रतेचा निकषही जाचक आहे. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बराच काळ २१,००० रुपये राहिली, म्हणजे साऱ्या घराचे महिन्याला १,७५० रुपये. मजुरीवर जगणारे कुटुंबही ही रेषा सहज ओलांडते आणि त्या घरातली म्हातारी कागदावर निराधार ठरत नाही. निकषातून सुटका झाली तरी कागदांची वाट असतेच: वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही तर पैसे थांबतात. अंथरुणाला खिळलेल्या बाईला रिक्षाने तालुक्याला न्यायचे म्हणजे भाडे जाते आणि नेणाऱ्याचा रोजही बुडतो. तिथे पोहोचल्यावर आयुष्यभर भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. हक्क कायद्यात असतो आणि असा खिडकीपाशी अडतो.

पैशांखेरीज प्रत्यक्ष सेवेचा प्रश्न उरतोच. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकतो. ज्यांची मुलेच कंगाल आहेत, त्यांना त्याचा उपयोग नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी निवासाची कल्पना त्या कायद्यात आहे, पण तशी सक्ती नाही. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. घराघरांत मात्र हे काम आजही बहुतांशी बिनमोल होते. नोकरी सोडून मतिमंद मुलाजवळ थांबलेल्या आईच्या श्रमाची कुठेच नोंद होत नाही. ती गेल्यावर मुलाचे कोण, या चिंतेला सरकारी व्यवस्थेत पुरेसे उत्तर नाही.

हे काम पुढे नेण्याला प्रत्येक विद्याशाखेतला पदवीधर हातभार लावू शकतो. अधिकारी झालेला हयातीची पडताळणी घरी जाऊन करण्याची व्यवस्था लावू शकतो. डॉक्टर गावातच प्रमाणपत्राचे शिबिर घेऊ शकतो. वास्तुरचनाकार इमारतीला पहिल्या आराखड्यातच उतार देऊ शकतो. वकील आणि समाजकार्यकर्ता माहिती अधिकार वापरून नाकारलेल्या अर्जांची कारणे मागू शकतात आणि सामाजिक अंकेक्षणात ती गावासमोर मांडू शकतात. यात एक पथ्य मात्र पाळावेच लागते: मागणी काय करायची, हे ज्यांच्यासाठी लढायचे त्या वृद्धांनी आणि दिव्यांगांनीच ठरवायचे. शिकलेल्यांनी त्यांच्या बरोबरीने उभे राहायचे.

महागाईशी जोडलेली सार्वत्रिक पेन्शन, घरपोच पडताळणी, काळजीवाहकाला मोबदला आणि गावाजवळ दिवसभराची सेवाकेंद्रे, या आज हाती घ्यायच्या मागण्या आहेत. त्या पूर्ण होतील तेव्हा म्हातारपण आणि अपंगत्व कोणाच्याही घरात कर्ज किंवा लाचारी घेऊन येणार नाही.