गोल्फचे गवत आणि गावची विहीर



पेडण्यात गोल्फच्या मैदानाचा विषय नवा नाही. तेरेखोलला २०१५ साली गावकरी विरोधात उभे राहिले ते जमिनीसाठी. अशा प्रकल्पांच्या बाजूने एक मुद्दा हमखास येतो, तो असा की गवत पर्यावरणपूरक लावू. या शब्दाला आपण भिऊ नये आणि भुलूही नये, तपासून घ्यावा.

उष्ण प्रदेशात गोल्फला जे 'बर्म्युडा' गवत लावतात ती मुळात आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. अमेरिकेत टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी तिचे संकर केले. त्यातला 'टिफवे' १९६० साली आला. याच बर्टन यांच्या बाजरीच्या वाणावरून भारतात १९६५ साली एचबी-१ ही संकरित बाजरी निघाली. तेव्हा गवताच्या शास्त्राला सरसकट नावे ठेवायचे कारण नाही.

दुसरे गवत पास्पालम. हे समुद्रकाठचे, खारे पाणी सोसणारे. गोडे पाणी वाचते हे खरे. पण खाऱ्या पाण्यातले मीठ मातीत साठते आणि ते धुवून काढायला वरून जास्तीचे पाणी सोडावे लागते. हे पाणी जांभ्यातून झिरपून कोणाच्या विहिरीकडे जाणार, याचे उत्तर गवताच्या वाणात नाही.

अमेरिकेत वाणांची राष्ट्रीय चाचणी होते. १ ते ९ गुण, ६ मिळाले की पास. पण हे गुण मुख्यतः दिसण्याचे, म्हणजे रंग, दाटी, पात्याचा बारीकपणा. शिवाय तिकडचे गुण इकडे चालत नाहीत. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे.

त्या आठ महिन्यांचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. समजा ३० हेक्टर हिरवळ आणि रोज ५ मिलिमीटर पाणी, तर दिवसाला १५ लाख लिटर झाले. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे २७ हजार माणसांचे पाणी. गवताने तीस टक्के वाचवले असे धरले तरी साडेदहा लाख लिटर रोज लागणारच. वाचलेले तीस टक्के मोठ्या अक्षरांत छापतात, उरलेले सत्तर आपणच मोजायचे.

म्हणून ग्रामसभेत गवताचे नाव विचारून थांबू नका. मे महिन्यातले पाणी कुठून आणणार, कोणती खते आणि औषधे किती मारणार, मैदानाचे पाणी कोणत्या ओहोळात सोडणार, हे लेखी मागा. ठरावात चाचणीची अटही घाला. आधी इथल्याच मातीत दोन-तीन वाण निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा लावून पाहावेत, आणि शेजारी साधी हरळीही लावावी. काम सुरू होण्याआधी भोवतालच्या विहिरींची पातळी व क्षार मोजून पंचायतीच्या दप्तरी नोंदवून घ्या. पुढे विहीर खारट झाली, तर आधी ती गोडी होती हे त्याच नोंदीवरून दाखवता येईल.