पेट्रोल अडते कुठे?

साठवलेल्या पगारातून कामगार जुनी प्रीमियर पद्मिनी घेतो. ती चढावर गचके खाते. मिस्त्री गाडीकडे न पाहताच निकाल देतो, ‘पंप गेला!’ चौकशीशिवाय शिक्षा आम्ही कारखान्यात चालू देत नाही; इथे का द्यावी?

आधी टाकीचे झाकण सैल करा. हवेचे भोक बुजलेले असेल, तर एवढ्यानेच गाडी सुधारेल. नाहीतर इंजिन गार होऊ द्या, विडी दूर ठेवा, कॉइलकडे जाणारी विजेची तार सोडवा, कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि स्टार्टर फिरवा. ठोक्याठोक्याने जोरदार धार आली, तर पंप निर्दोष; कार्बोरेटरची जाळी, सुई, जेट तपासा. धार आली नाही, तरी टाकीकडची रबरी नळी आधी पाहा. तिथल्या चिरेतून पेट्रोल गळेलच असे नाही. पंप तिथून हवा ओढतो. 2025 साली पेट्रोलमधले इथेनॉल 20 टक्क्यांवर गेले, आणि हे जुने रबर त्यासाठी केलेले नव्हते. नळी स्वस्त, म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणी बघत नाही!

शेवटी डिपस्टिक हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा पडदा फाटला असण्याचा संशय खुशाल घ्या. तशी गाडी मात्र चालवू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते.