रेणूंची चित्रे आणि फायलींचे रूपांतर

रेणू डोळ्यांना दिसत नाही, हे तुम्ही शाळेतच शिकलेले असाल. मग पाठ्यपुस्तकात ती रंगीत गोळ्यांची नि काड्यांची जी चित्रे छापलेली असतात, ती कोणी पाहून काढली, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला होता का? यायला हवा होता. ती चित्रे पाहून काढलेली नाहीत, हिशेबाने काढलेली आहेत. स्फटिकावर क्ष-किरण टाकायचे, ते कसे विखुरतात त्याची मोजमापे घ्यायची, आणि त्या आकड्यांवरून रेणूत कोणता अणू कुठे बसला असेल ते ठरवायचे, असा तो सगळा उद्योग आहे. हाती येतात ते नुसते आकडे. प्रत्येक अणूमागे तीन: इतका डावी-उजवीकडे, इतका वर-खाली, इतका मागे-पुढे.

आता आकड्यांची अशी यादी घेऊन बसले तर माणसाला काय कळणार? म्हणून केंब्रिजचे जॉन केंड्र्यू यांनी १९६० च्या सुमारास जे केले ते ऐकण्यासारखे आहे. स्नायूंत प्राणवायू साठवून ठेवणारे मायोग्लोबिन नावाचे एक प्रथिन आहे. त्यांनी ते देवमाशाच्या मांसातून मिळवले होते. त्याची प्रतिकृती उभी करण्यासाठी त्यांनी सुमारे अडीच हजार उभ्या सळ्या रोवल्या, त्यांवर रंगीत चिमटे लावले, आणि त्या जंगलात पितळी काड्या जोडत जोडत रेणू बांधला. प्रमाण असे, की रेणूतील एक अँगस्ट्रॉम म्हणजे बाहेर पाच सेंटिमीटर. म्हणजे पन्नास कोटी पट मोठे! ही प्रतिकृती माणसाच्या उंचीची झाली, पण सळ्यांच्या त्या गर्दीत आत डोकावणे मोठे जिकिरीचे. या कामासाठी केंड्र्यूंना १९६२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आपल्याकडे मद्रासला गो. ना. रामचंद्रन यांनीही गोळ्या-काड्यांच्या प्रतिकृती जोडूनच १९५४ साली कोलॅजेनच्या तिपेडी रचनेचा उलगडा केला. तेव्हा हाताने रेणू बांधणे हे काही पोरखेळाचे काम नव्हते. अडचण एवढीच, की प्रतिकृती दुसऱ्याला टपालाने पाठवता येत नाही, आणि चूक सापडली तर निम्मी खोलावी लागते.

संगणकाने ही अडचण सोडवली. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६० नंतरच्या दशकात पडद्यावर रेणूचा रेषांचा सांगाडा उमटवला आणि तो फिरवून दाखवला. फिरवणे हीच त्यातली खुबी. स्थिर चित्र सपाट दिसते, तेच हळूहळू फिरू लागले की डोळ्यांना खोली जाणवते. पुढे हे काम स्वस्त होत गेले. रॉजर सेल यांनी ‘रासमोल’ हा कार्यक्रम १९९३ साली फुकट वाटला आणि साध्या घरगुती संगणकावर विद्यार्थी प्रथिने फिरवू लागले. वॉरन डेलानो यांचा ‘पायमोल’ २००० साली आला. शोधनिबंधांतली कितीतरी चित्रे आज त्यातूनच निघतात. प्रथिनांची ती वळणदार फितींची चित्रे मात्र संगणकाची कल्पना नव्हे बरे! जेन रिचर्डसन या विदुषींनी ती १९८० च्या सुमारास प्रथम हाताने, कागदावर काढली. यंत्र ते नंतर शिकले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, गंधक पिवळे, हे रंग संकेताचे आहेत. आणि दोन अणूंमधली काडी? ती पुष्कळदा फायलीत लिहिलेलीच नसते. दोन कार्बन दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास दिसले की कार्यक्रम म्हणतो, यांचा बंध असणार, आणि काडी ओढून मोकळा होतो. बहुधा बरोबर असते. बहुधा.

येथून आपण दुसऱ्या हत्याराकडे येतो. हे सारे आकडे ज्या फायलींत ठेवतात, त्यांच्या घाटणी शेकड्यांनी आहेत. १९७१ साली ब्रुकहेवन येथे प्रथिनांच्या रचनांची पेढी सुरू झाली तेव्हा तीत सात रचना होत्या. २०२३ साली त्यांनी दोन लाखांचा आकडा ओलांडला. या पेढीची जुनी घाटणी भोके पाडलेल्या कार्डांच्या जमान्यातली. ऐंशी रकान्यांची ओळ, आणि कोणते अक्षर कोणत्या रकान्यात बसायचे ते पक्के ठरलेले. अणूच्या अनुक्रमांकाला रकाने पाच, म्हणजे ९९,९९९ च्या पुढे जागाच नाही! पुढे पेशीतल्या रायबोसोमची रचना उलगडली. वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली या कामासाठी नोबेलचा वाटा मिळाला. तर अख्खा रायबोसोम या फायलीत मावेना; त्याचे तुकडे करून ठेवावे लागले. अखेर २०१४ साली पेढीने नव्या, ऐसपैस घाटणीला मुख्य मान दिला.

याच जुन्या घाटणीतला एक सापळा सांगतो. प्रथिनाच्या प्रत्येक कडीत ‘अल्फा कार्बन’ नावाचा एक अणू असतो. तो लिहितात ‘सी’ आणि ‘ए’ या दोन रोमन अक्षरांनी. कॅल्शियमची खूणही हीच! फरक एका रकान्याचा: कार्बन असेल तर आधी एक जागा कोरी सोडायची, कॅल्शियम असेल तर नाही. एखाद्या रूपांतराच्या कार्यक्रमाने ती कोरी जागा फालतू समजून गाळली, आणि मूलद्रव्याचा पुढचा रकाना पाहिला नाही, की मायोग्लोबिनच्या १५३ कड्यांत १५३ कॅल्शियम येऊन बसलेच. चित्र तरीही उमटते, दिसायला देखणेही दिसते. त्यावरून कोणी औषधाचा हिशेब करू लागला तर मात्र पुढचे सगळे फुकट.

रूपांतर करणारे कार्यक्रम एका शहाणपणावर चालतात. चाळीस घाटणी असतील आणि प्रत्येकीतून प्रत्येकीत जायचे म्हटले, तर १,५६० दुभाषे हवेत. त्याऐवजी मध्ये एकच भाषा ठेवली, तर चाळीस आत आणणारे व चाळीस बाहेर नेणारे, असे ऐंशी पुरतात. रेणूंसाठी ‘ओपन बेबल’ याच रीतीने शंभराहून अधिक घाटणी सांभाळतो. लेख-पुस्तकांसाठी ‘पॅनडॉक’ आहे. तो २००६ साली जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिला, आणि हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक! पण मधल्या भाषेत ज्याला शब्दच नाही ते वाटेत गळते, आणि ज्या घाटणीत जायचे तिच्यात जागा नसेल तरीही गळते. नुसते अणू व त्यांची जागा लिहिणाऱ्या फायलीत बंध राहत नाहीत. ‘स्माइल्स’ पद्धतीत मद्यार्काचा रेणू तीन अक्षरांत मावतो, पण त्यात जागेचे आकडे नाहीत. तिथे डाव्या-उजव्या घडणीचा फरक ‘ॲट’ची खूण एकदा की दोनदा एवढ्यावर ठरतो. पुदिन्याचा वास आणि बाळंतशोपेचा वास देणारे कार्व्होनचे दोन रेणू हे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत. खूण गळली की पुदिना कोणता ते कोण सांगणार?

रसायनाशी तुमचा संबंध नसेल तर घरचेच उदाहरण घ्या. युनिकोड रुळण्यापूर्वीचा मराठी मजकूर ज्या फाँटांत जुळवला जाई, त्यांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असत. ‘आर्थिक’ शब्दात आधी वेलांटी, मग ‘थ’, मग त्यावरचा रफार. युनिकोडात क्रम उच्चाराचा: आधी ‘र्’, मग ‘थ’, मग वेलांटी. दुभाष्याने क्रम नीट लावला नाही की ‘आथिर्क’ तयार. असा शब्द तुम्ही जुन्या मजकुरात पाहिला असेलच. येथे निदान वाचणाऱ्याला चूक कळते. रेणूच्या फायलीत ती कोणाला कळणार?

तेव्हा फाईल बदलण्यापूर्वी मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा. बदलल्यावर अणू मोजून पाहा, रेणुसूत्र ताडून पाहा, एकूण विद्युत्भार आणि डावी-उजवी घडण तपासा. मजकूर असेल तर रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे असलेली एक दोन पाने डोळ्यांखालून घाला.

आणि एकदा स्वतः करून बघाच. प्रथिनांच्या पेढीच्या संकेतस्थळावर ‘१एमबीएन’ ही खूण घाला. केंड्र्यूंचे मायोग्लोबिन पडद्यावर येईल. पैसे पडत नाहीत, वेगळा कार्यक्रमही बसवावा लागत नाही. बोटाने ते सावकाश फिरवा. आत एक सपाट चकती दिसेल, तिच्या मधोमध लोहाचा एकच अणू. त्याच्या एका अंगाला ९३ क्रमांकाची कडी चिकटलेली आहे. प्राणवायू बसतो तो दुसऱ्या अंगाला.